अपडेटनंतर ॲप क्रॅश होतंय? लायब्ररीचा एबीआय मोडलाय का, हे असं तपासा

ॲपला कोणी हात लावलेला नाही, कोडमधली एक ओळही बदललेली नाही, तरी काल व्यवस्थित चालणारा प्रोग्राम आज उघडताक्षणी बंद पडतो. बदललेली असते ती फक्त त्याच्या खालची एक लायब्ररी, आणि तीही किरकोळ अपडेट म्हणून आलेली. लायब्ररी बनवणारे म्हणतात, आम्ही एकही फंक्शन काढलेलं नाही. ॲपवाले म्हणतात, आमचं कालपर्यंत चालत होतं. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

या प्रकाराला बायनरी कम्पॅटिबिलिटी तुटणं किंवा सोप्या भाषेत एबीआय मोडणं म्हणतात. फोनवर टर्मक्स वापरणारे, लॅपटॉपवर उबुंटू टाकलेले किंवा पहिलं नेटिव्ह अँड्रॉइड ॲप बनवणारे, सगळ्यांना हा प्रकार कधी ना कधी भेटतो. नेमकं काय मोडलंय हे अंदाजाने नाही, तर पुराव्याने कसं ठरवायचं, ते या लेखात बघू. टूल्स आणि कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

शेअर्ड लायब्ररी आणि एबीआय म्हणजे काय?

अनेक प्रोग्राम्सना लागणारं काम एकाच फाईलमध्ये ठेवलं की ती झाली शेअर्ड लायब्ररी. लिनक्स आणि अँड्रॉइडवर या फाईलच्या नावात डॉट एसओ असतं, विंडोजवर डीएलएल. प्रोग्राम सुरू होताना लिंकर नावाचा सिस्टिमचा भाग हवी ती लायब्ररी शोधतो आणि प्रोग्रामला जोडून देतो.

प्रोग्रामर कोड लिहितो तेव्हा तो लायब्ररीच्या एपीआयशी बोलत असतो, म्हणजे फंक्शनचं नाव काय, त्याला काय द्यायचं, परत काय मिळतं. कंपाइल झाल्यावर मात्र ही नावं बऱ्याच अंशी आकड्यांत बदलतात. "सीट नंबर वाच" याचं होतं "या पत्त्यापासून चौथ्या बाइटला जे आहे ते वाच". हे आकडे, फंक्शनची सिम्बॉल नावं आणि माहिती कोणत्या रजिस्टरमधून द्यायची याचे नियम, या सगळ्याचा मिळून एबीआय होतो.

म्हणून एपीआय तसाच राहूनही एबीआय मोडू शकतो. कोड पुन्हा कंपाइल केला तर नवे आकडे आपोआप भरले जातात. पण तुमच्याकडे आधीच कंपाइल झालेली फाईल असेल, तर तिच्यात जुनेच आकडे कोरलेले असतात.

एक छोटं उदाहरण: तिकिटाची लायब्ररी

समजा एसटीच्या तिकिटांसाठी कोणी एक लायब्ररी बनवली. तिच्यात प्रवाशाची माहिती ठेवणारं एक स्ट्रक्चर आहे. वय ४ बाइट, सीट नंबर ४ बाइट आणि भाडं ८ बाइट. म्हणजे वय ० पासून, सीट ४ पासून, भाडं ८ पासून. एकूण १६ बाइट.

नव्या आवृत्तीत लेखकाने वय आणि सीटच्या मध्ये बॅगांची संख्या हे ४ बाइटचं नवं फील्ड घातलं. आता बॅगा ४ वर, सीट ८ वर. ६४-बिट सिस्टिमवर भाड्याला ८ च्या पटीतली जागा लागते, म्हणून मध्ये ४ बाइट रिकामे सोडून भाडं १६ वर जातं. एकूण २४ बाइट.

जुनं ॲप ही नवी लायब्ररी वापरतं तेव्हा दोन गोष्टी होतात. पहिली, ॲप चौथ्या बाइटला सीट वाचायला जातं आणि त्याला बॅगांची संख्या मिळते. क्रॅश नाही, एरर नाही, नुसतं चुकीचं उत्तर. दुसरी जास्त वाईट. ॲपने १६ बाइटची जागा राखून लायब्ररीला दिलेली असते, पण लायब्ररी तिथे २४ बाइटच्या हिशोबाने लिहिते. भाडं थेट राखलेल्या जागेच्या बाहेर, शेजारच्या ८ बाइटवर जाऊन पडतं. तिथे दुसरंच काही ठेवलेलं असेल तर ते पुसलं जातं, आणि क्रॅश बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी होतो.

या सगळ्यात एकही फंक्शन गायब झालेलं नाही. लायब्ररीच्या लेखकाला आपण फक्त भर घातली असंच वाटतं. "चुकून मोडणं" म्हणतात ते हेच.

ओरडणारा बिघाड आणि गप्प बिघाड

ओरडणारा बिघाड प्रोग्राम सुरू होतानाच दिसतो. टर्मक्समध्ये "कॅनॉट लिंक एक्झिक्युटेबल" आणि पुढे "कॅनॉट लोकेट सिम्बॉल" असा मेसेज येतो. लिनक्सवर "अनडिफाइन्ड सिम्बॉल" दिसतं. अँड्रॉइड ॲपच्या लॉगमध्ये "अनसॅटिस्फाइड लिंक एरर" सापडते. हा बिघाड त्रासदायक असला तरी प्रामाणिक आहे, काय सापडलं नाही त्याचं नाव तो स्वतःच सांगतो.

गप्प बिघाडात सिम्बॉल सगळे जागेवर असतात आणि प्रोग्राम सुरूही होतो. मग आकडे चुकतात, फाईल अर्धवट सेव्ह होते किंवा सेगमेंटेशन फॉल्ट येतो. मला या दुसऱ्या प्रकाराची जास्त धास्ती वाटते. क्रॅश झालेलं ॲप निदान लक्षात येतं, चुकीचं भाडं छापणारं ॲप लगेच लक्षात येत नाही.

खरी घटना: जीसीसी ४.७ आणि ८ बाइट

हे फक्त नवशिक्यांच्या लायब्ऱ्यांमध्ये होतं असं समजू नका. जीसीसी हा जगभर वापरला जाणारा कंपाइलर. त्याच्यासोबत सी प्लस प्लसची स्टँडर्ड लायब्ररी येते, आणि लिनक्सवरचे असंख्य प्रोग्राम तिच्यावर उभे आहेत.

सी प्लस प्लसच्या २०११ च्या स्टँडर्डने अट घातली, की लिस्टमध्ये किती घटक आहेत हे एका फटक्यात सांगता आलं पाहिजे, दरवेळी मोजत बसायचं नाही. मार्च २०१२ मध्ये आलेल्या जीसीसी ४.७.० ने त्यासाठी लिस्टमध्ये संख्या साठवणारं एक फील्ड वाढवलं, पण फक्त नव्या सी प्लस प्लस ११ मोडमध्ये. ६४-बिट सिस्टिमवर लिस्ट १६ बाइटची २४ बाइट झाली.

आता एक लायब्ररी जुन्या मोडमध्ये कंपाइल केलेली आणि ॲप नव्या मोडमध्ये, असं झालं तर? लायब्ररी लिस्टमध्ये घटक घालणार, पण तिच्या दृष्टीने संख्येचं फील्ड अस्तित्वातच नाही, त्यामुळे ती ते वाढवणार नाही. ॲप "किती घटक?" विचारणार आणि जुनाच आकडा घेऊन पुढे जाणार. सिम्बॉलचं नाव दोन्हीकडे तेच, त्यामुळे लिंकरला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

त्याच आवृत्तीत पेअर या प्रकारातही बदल झाला होता. त्याचा मूव्ह कन्स्ट्रक्टर कंपाइलरच्या भाषेत "साधा" राहिला नाही, आणि त्यामुळे पेअर फंक्शनला देण्याची पद्धतच बदलली. ठरावीक व्यवहार रजिस्टरमधून होण्याऐवजी पत्ता देऊन होऊ लागला. इथे तर आकार बदललाच नव्हता, तरीही एबीआय मोडला.

सप्टेंबर २०१२ मधल्या ४.७.२ मध्ये दोन्ही बदल मागे घेतले गेले. पण मधल्या काळात ४.७.० आणि ४.७.१ ने सी प्लस प्लस ११ मोडमध्ये कंपाइल झालेला कोड इतर आवृत्त्यांशी जुळेलच असं नाही, हे जीसीसीला रिलीज नोट्समध्ये सांगावं लागलं. म्हणजे दुरुस्ती केल्यावरही मधले लोक अडकतातच. एबीआय मोडल्याचं लवकर कळणं महत्त्वाचं आहे ते यासाठी.

निदान कसं करायचं?

मी हा क्रम पाळतो. सोपं आणि स्वस्त आधी, कठीण नंतर.

१. नेमकं काय बदललं ते बघा. डेबियन किंवा उबुंटूवर एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये कोणतं पॅकेज कोणत्या तारखेला कोणत्या आवृत्तीवरून कुठे गेलं ते मिळतं. क्रॅश सुरू झाल्याची तारीख आणि अपडेटची तारीख शेजारी ठेवा. अर्ध्या केसेसमध्ये संशयित इथेच मिळतो.

२. खरोखर कोणती फाईल लोड होतेय ते बघा. एलडीडी कमांड प्रोग्रामला कोणती लायब्ररी कुठून मिळतेय ते दाखवते. बऱ्याचदा पॅकेजची लायब्ररी निर्दोष असते आणि कधीतरी हाताने टाकलेली जुनी कॉपी आधी उचलली जात असते. अनोळखी फाईलवर मात्र एलडीडी चालवू नका, काही वेळा ती फाईलच चालवली जाऊ शकते. तिथे रीडएल्फ वापरा, ते फक्त वाचतं.

३. अदलाबदल करून बघा. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग आहे. जुनं पॅकेज मिळवा. डेबियनसाठी स्नॅपशॉट आर्काइव्हवर जुनी पॅकेजेस ठेवलेली असतात. ते इन्स्टॉल न करता वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि एलडी लायब्ररी पाथ या व्हेरिएबलने प्रोग्रामला ती लायब्ररी वापरायला लावा. मग तीन जोड्या तपासा:

– जुना प्रोग्राम, जुनी लायब्ररी: चालायला हवं.
– जुना प्रोग्राम, नवी लायब्ररी: इथे बिघडतं का?
– तोच सोर्स नव्या लायब्ररीसोबत पुन्हा कंपाइल करून, नवी लायब्ररी: आता चालतं का?

दुसरी जोडी बिघडते आणि तिसरी चालते, तर संशय पक्का एबीआयवर. दुसरी आणि तिसरी दोन्ही बिघडत असतील, तर बहुतेक तो नव्या आवृत्तीतला साधा बग आहे किंवा फंक्शनचं वागणं बदललंय. तिसरी जोडी बनवताना आधीच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाईल पुसून सुरुवात करा. अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या फाईल एकत्र आल्या की उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही. हेडर फाईलही नव्याच पॅकेजची आहे ना, ते बघा. हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, ही घरच्या घरी होणारी गडबड हुबेहूब एबीआय मोडल्यासारखी दिसते.

४. एसओनेम तपासा. प्रत्येक लायब्ररीच्या आत तिचं एक अधिकृत नाव असतं, त्यात बहुधा एक आकडा असतो. रीडएल्फला डायनॅमिक सेक्शन दाखवायला सांगितलं की ते दिसतं. कम्पॅटिबिलिटी जाणूनबुजून तोडली तर हा आकडा बदलायचा, असा करार आहे. ओपनएसएसएलने २०२१ मध्ये ३.० आणलं तेव्हा १.१ हा आकडा जाऊन ३ आला. जुन्या प्रोग्रामला "लायब्ररी सापडली नाही" असं स्पष्ट कळलं. आकडा तोच आणि तरीही तिसऱ्या पायरीत दुसरी जोडी बिघडली, तर करार मोडलाय.

५. सिम्बॉलच्या याद्या जुळवा. एनएम कमांडने दोन्ही लायब्ऱ्यांचे बाहेर दिसणारे सिम्बॉल काढा आणि डिफ करा. जुन्या यादीतलं काही नव्यात नसेल, तर दोषी सापडला. सी प्लस प्लसची नावं कोड्यासारखी दिसतात, ती सी++फिल्टमधून काढली की वाचता येतात. नवे सिम्बॉल वाढले तर घाबरू नका, भर घालणं सहसा चालतं.

६. याद्या सारख्याच निघाल्या तर आकार तपासा. आपल्या तिकीट लायब्ररीत हेच झालं असतं. इथे लिबॲबिगेल या प्रोजेक्टमधलं एबीआयडिफ हे टूल लागतं. ते दोन लायब्ऱ्यांची डिबग माहिती वाचून कोणत्या स्ट्रक्चरचा आकार बदलला आणि कोणतं फील्ड कुठून कुठे सरकलं ते सांगतं. आपल्या उदाहरणात ते आकार १२८ वरून १९२ झाला असं म्हणेल, कारण ते बिट्समध्ये मोजतं. त्यासाठी दोन्ही आवृत्त्यांची डिबग सिम्बॉलची पॅकेजेस मिळवा, ती नसतील तर या टूलला फारसं दिसत नाही. एकाच स्ट्रक्चरचा नकाशा बघायचा असेल तर पाहोल वापरा.

७. व्हॅलग्राइंडखाली चालवा. जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीसोबत व्हॅलग्राइंडमध्ये चालवला, तर "१६ बाइटच्या ब्लॉकच्या लगेच पुढे ८ बाइट लिहिले" अशा अर्थाची तक्रार येऊ शकते. जागा राखणारा ॲप आणि बाहेर लिहिणारी लायब्ररी, असं चित्र दिसलं की सहाव्या पायरीतल्या उत्तराला दुजोरा मिळाला.

चुकून मोडतं ते कशामुळे?

स्ट्रक्चरच्या मध्ये फील्ड घालणं हे कारण आपण बघितलंच. याशिवाय इनमच्या यादीत मध्येच नवं नाव घुसवलं की पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. सी प्लस प्लसच्या क्लासमध्ये नवं व्हर्च्युअल फंक्शन मध्येच टाकलं की फंक्शनच्या तक्त्याचा क्रम बदलतो, आणि जुना प्रोग्राम एक फंक्शन बोलावतो तर दुसरंच धावतं. पॅकेज बनवताना एखादा पर्याय बंद राहिला की त्यासोबतचे सिम्बॉलही गायब होतात.

सगळ्यात फसवं कारण म्हणजे कंपाइलरचा फ्लॅग. इथे लायब्ररीचा सोर्स अक्षरशः तोच असतो. ३२-बिट सिस्टिमवर वेळ ३२ बिटांत ठेवली तर १९ जानेवारी २०३८ ला ती संपते. यावर उपाय म्हणून डेबियन आणि उबुंटूने २०२४ मध्ये ३२-बिट आर्मसाठी वेळ ६४ बिटांची केली. बदल मुख्यतः फ्लॅगचा, पण वेळ ठेवणाऱ्या प्रत्येक स्ट्रक्चरचा आकार बदलला. हा बदल जाणूनबुजून होता, म्हणून त्यांनी पॅकेजच्या नावांच्या शेवटी टी६४ लावलं आणि त्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा कंपाइल केलं. उबुंटू २४.०४ मध्ये ओपनएसएसएलच्या लायब्ररीच्या पॅकेजला टी६४ हे शेपूट का आहे, त्याचं उत्तर हे. हाच फ्लॅग कोणी नाव न बदलता लावला असता, तर तो गप्प बिघाड झाला असता.

दुरुस्ती कोणी आणि कशी करायची?

मोडलेला बदल नुकताच आला असेल तर तो मागे घेणं सगळ्यात चांगलं. जीसीसी ४.७.२ ने तेच केलं. बदल हवाच असेल तर एसओनेमचा आकडा वाढवायचा आणि अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस पुन्हा बांधायची.

तिसरा मार्ग म्हणजे जुनं आणि नवं दोन्ही ठेवणं. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने लिस्टचा तोच बदल परत आणला, पण या वेळी नव्या प्रकाराच्या सिम्बॉलमध्ये "सीएक्सएक्स११" असा शिक्का मारून. एकाच लायब्ररीत दोन्ही रूपं राहिली. जुने प्रोग्राम जुनं रूप वापरत राहिले, आणि चुकीची जोडणी झालीच तर बहुतेक वेळा लिंकरच "सिम्बॉल सापडला नाही" म्हणून अडवू लागला. गप्प बिघाडाचा ओरडणारा बिघाड केला, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात शहाणं पाऊल वाटतं.

काय करू नये, तेही सांगतो. नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक देऊन एरर घालवू नका. लिंकरचं तोंड बंद होतं, पण आतले आकडे तसेच चुकीचे राहतात. आणि फक्त आपला प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून "माझं चाललं" म्हणून सोडून देऊ नका. तीच लायब्ररी वापरणारे बाकीचे प्रोग्राम आणि त्यांचे युजर अजून अडकलेले असतात.

पॅकेज बनवणाऱ्यांसाठी: डेबियनचं डीपीकेजी-जेनसिम्बॉल्स गायब झालेले सिम्बॉल पकडतं, पण आकार बदलला तर त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक रिलीजआधी मागच्या आवृत्तीशी एबीआयडिफ करा. आणि जमेल तिथे स्ट्रक्चरचा आतला नकाशा हेडरमध्ये उघडाच करू नका, फक्त पॉइंटर द्या. जे ॲपला माहीतच नाही, ते बदलल्याने ॲप बिघडत नाही.

फोनवर हे कुठे दिसतं?

अँड्रॉइड ॲप आपल्या बहुतेक नेटिव्ह लायब्ऱ्या एपीकेमध्येच घेऊन येतं, त्यामुळे इथे हा त्रास कमी. पण काही ॲप्स सिस्टिमच्या खासगी लायब्ऱ्या परस्पर वापरायची. २०१५ च्या अँड्रॉइड ६ ने ओपनएसएसएल सोडून बोरिंगएसएसएल घेतलं, आणि एनडीकेमध्ये नसलेल्या अशा लायब्ऱ्यांवर विसंबू नका, त्या न सांगता बदलू शकतात, असं गुगलने डेव्हलपर्सना बजावलं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून तर अशा खासगी लायब्ऱ्यांचं दारच बंद करायला सुरुवात झाली.

टर्मक्समध्ये "कॅनॉट लोकेट सिम्बॉल" आलं, तर लगेच लायब्ररीला दोष देऊ नका. बऱ्याचदा एकच पॅकेज नवं आणि बाकी जुनी अशी अर्धवट अवस्था असते. आधी सगळी पॅकेजेस एकदम अपग्रेड करा. तरीही तोच सिम्बॉल हरवलेला असेल, तर मात्र पॅकेजमध्येच गडबड असण्याची शक्यता मोठी.

रिपोर्ट लिहिताना

"अपडेटनंतर चालत नाही" एवढंच लिहिलं तर समोरचा काहीच करू शकत नाही. लायब्ररीची चालणारी शेवटची आवृत्ती आणि बिघडलेली पहिली आवृत्ती, प्रोसेसर आर्म की इंटेल, ३२ की ६४ बिट, अदलाबदलीच्या तीनही जोड्यांचं उत्तर, आणि एबीआयडिफचा निकाल, एवढं द्या. एरर मेसेज जशाच्या तसा कॉपी करा.

थोडक्यात: फंक्शनची नावं तीच आहेत म्हणजे लायब्ररी तीच आहे असं नाही. तारीख बघा, खरी फाईल बघा, अदलाबदल करा, मग नावं आणि शेवटी आकार जुळवा. पुरावा हातात असला की "आमचं बरोबर, तुमचं चूक" हा वाद तिथेच संपतो, आणि दुरुस्ती योग्य जागी, म्हणजे लायब्ररीतच होते.